फाउंड्री तोट्यात की हॉटेल?

पत्र: सर, माझ्या सासऱ्यांनी १९८४ साली आमच्या भागातल्या एका कंपनीचे शेअर घेतले. तेव्हा ती नुसती फाउंड्री होती, ऑइल इंजिनांची कास्टिंग करायची. आता त्याच कंपनीचं महामार्गावर हॉटेल आहे, दूध भुकटीचा प्लांट आहे, आणि शहराबाहेर प्लॉटिंगही चालतं. शेअर बाजारात कंपनीची नोंद नाही. सासरे गेल्यावर शेअर मिस्टरांच्या नावावर झाले. तीन वर्षं लाभांश नाही. फाउंड्रीतल्या कामगारांना 'फाउंड्री तोट्यात आहे' असं सांगून जेमतेम किमान बोनस देतात. माझे चुलत दीर तिथेच मोल्डिंगला आहेत, ते म्हणतात तिन्ही पाळ्या चालू आहेत. वार्षिक अहवालात चारही धंद्यांचा एकच आकडा आहे. शेवटच्या टिपांत एक ओळ आहे: 'कंपनी उत्पादन व संलग्न सेवा या एकाच व्यवसायात असल्याने विभागवार माहिती देणे आवश्यक नाही.' चेअरमन म्हणजे सासऱ्यांच्या मित्राचे चिरंजीव, आम्ही त्यांना दादा म्हणतो. त्यांना विचारलं तर म्हणाले, "वहिनी, विश्वास ठेवा की." मिस्टर म्हणतात संबंध बिघडतील, तुला एवढंच वाटतं तर सभेला तूच जा. आमचं म्हणणं बरोबर आहे का? आणि असेल तर विचारायचं कसं? — एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

ताई,

तुमचं म्हणणं बरोबर आहे. तुम्ही अहवालाच्या पाच पानांचे फोटो पाठवलेत, त्यातली दोन पानं बघूनच मला खात्री पटली.

आधी माझा एक कबुलीजबाब. कंपनी सेक्रेटरी म्हणून तीसेक वर्षं नोकरी केली, तेव्हा 'एकाच व्यवसायात असल्याने' ही ओळ मीही एका अहवालात टाकली आहे. त्या कंपनीचं नाव सांगत नाही. साहेबांनी सांगितलं, मी लिहिली, ऑडिटरने मान डोलावली, सभेत कोणीही विचारलं नाही. कोणी विचारत नाही, या भरवशावरच ही ओळ वर्षानुवर्षं छापली जाते. तुम्ही ती वाचलीत हीच मोठी गोष्ट.

आता कायदा. अनेक धंदे करणाऱ्या कंपनीने धंदावार आकडे द्यायचे का, हे ती कोणत्या कुंपणात बसते त्यावर ठरतं. बाजारात नोंदलेली असेल तर सेबीच्या नियमांप्रमाणे दर तिमाहीच्या निकालासोबत विभागवार आकडे द्यावे लागतात. नोंद नसली, पण नेटवर्थ, म्हणजे भागभांडवल आणि साठलेला नफा मिळून, २५० कोटी किंवा त्याहून जास्त असेल, तर विभागवार माहितीचं इंड-एएस १०८ हे नवं लेखामानक, म्हणजे हिशेब मांडायचा नियम, लागू होतं. तुमच्या कंपनीचं नेटवर्थ ताळेबंदावरून ९६ कोटी दिसतं, म्हणजे ही दोन्ही कुंपणं सोडा. ती तिसऱ्यात आहे. तिथे जुनी लेखामानकं चालतात आणि त्यातलं १७ क्रमांकाचं, एएस-१७, विभागवार माहितीचं आहे.

या तिसऱ्या कुंपणाला एक फट आहे, आणि ती कायद्यानेच ठेवलेली आहे. 'लघु व मध्यम कंपनी', ऑफिसच्या भाषेत एसएमसी, हिला एएस-१७ मधून सूट आहे. एसएमसी कोण? २०२१च्या नियमांप्रमाणे जिची आधीच्या वर्षाची उलाढाल २५० कोटींच्या वर नाही, जिचं कर्ज त्या वर्षात कधीही ५० कोटींच्या वर गेलेलं नाही, जी बाजारात नोंदलेली नाही, बँक किंवा विमा कंपनी नाही, आणि मोठ्या कंपनीची मालक किंवा उपकंपनीही नाही. २०२१च्या आधी हीच मर्यादा ५० कोटी उलाढाल आणि १० कोटी कर्ज इतकी होती. म्हणजे मधल्या काळात बऱ्याच कंपन्या आयत्या सुटल्या.

तुमची सुटत नाही. तुम्ही पाठवलेल्या नफा-तोटा पत्रकात यंदाची उलाढाल २९१ कोटी आहे आणि शेजारच्या रकान्यात आधीच्या वर्षाची २६८. आधीच्या वर्षाचा आकडा २५०च्या पुढे गेला, तिथेच फट बंद झाली. उद्या दादांनी उलाढाल २४० वर आणली तरी लगेच सूट मिळत नाही. एकदा बाहेर पडलेल्या कंपनीला सलग दोन वर्षं मर्यादेत राहावं लागतं. आणि समजा कंपनी खरोखर एसएमसी असती, तरी 'ही कंपनी एसएमसी आहे आणि तिला लागू असलेली मानकं पाळली आहेत' अशी टीप हिशेबात देणं बंधनकारक आहे. तुमच्या फोटोंत ती टीप नाही. पूर्ण अहवाल चाळून खात्री करून घ्या. ती नसेल, तर कंपनीने सुटीचा आधार घेतलेलाच नाही. तिचा सगळा भार त्या एका ओळीवर आहे.

आणि ती ओळ टिकणारी नाही. एएस-१७ची कसोटी साधी आहे: ज्या मालाची किंवा सेवेची जोखीम आणि परतावा वेगळा, तो वेगळा विभाग. भट्टीतलं वितळलेलं लोखंड आणि हॉटेलातली मिसळ यांची जोखीम एकच, हे कोणत्या ऑडिटरला पटलं, त्याचा मला सत्कार करायचा आहे. दूध भुकटीचा भाव दुधाच्या आवकेवर हलतो, प्लॉटिंगचा बिगरशेती परवान्यांवर. 'संलग्न' कशाला?

इथे एक प्रतिवाद येईल, त्याची तयारी ठेवा. "हॉटेल म्हणजे आमच्या विक्रीच्या चार टक्केसुद्धा नाही हो, ते वेगळं कशाला दाखवायचं?" पण मानकाला तीन तराजू आहेत: विक्री, नफा-तोटा आणि मालमत्ता. यातल्या एकात जरी दहा टक्के भरलं तरी तो विभाग दाखवावा लागतो. तुमच्या फोटोंतलं चौथं पान बघा, स्थावर मालमत्तेची टीप. त्यात 'हॉटेल इमारत व फर्निचर' अशी स्वतंत्र ओळ आहे: ४१ कोटी. कंपनीची एकूण मालमत्ता १८८ कोटी. म्हणजे जवळपास २२ टक्के. विक्रीच्या तराजूत हॉटेल हलकं असेल, मालमत्तेच्या तराजूत ते धाडकन खाली येतं. खरं सांगायचं तर मला संशय इथेच येतो. फाउंड्रीने कमावलेला पैसा हॉटेलच्या भिंतीत गेला असेल आणि हॉटेल अजून रांगत असेल, तर एकत्र बेरजेत ते दिसत नाही. हा गुन्हा नाही. पण भागधारकाला ते कळायला हवं, आणि म्हणूनच मानक विक्रीबरोबर प्रत्येक विभागाचा निकाल, मालमत्ता, देणी, घसारा आणि नवी भांडवली गुंतवणूकही मागतं.

ही युक्ती जुनी आहे. ब्रिटनच्या १९६७च्या कंपनी कायद्याने संचालकांना सांगितलं की धंदे एकमेकांपासून बरेच वेगळे असतील तर प्रत्येकाची विक्री आणि नफा अहवालात द्या. पण 'बरेच वेगळे' आहेत की नाही हे ठरवायचं संचालकांनीच. झालं! आपल्याकडेही भांडण तिथेच येतं. एएस-१७ मध्ये व्यवस्थापनाला ठरवायला वाव आहे, पण कसोट्या लिहिलेल्या आहेत, त्यामुळे 'आमचं मत' एवढं उत्तर पुरत नाही.

आता विचारायचं कसं. पहिली अडचण घरातलीच आहे. मिस्टर म्हणतात तूच जा. ताई, तुम्ही त्यांची प्रॉक्सी, म्हणजे त्यांच्या जागी मत द्यायला नेमलेली व्यक्ती, म्हणून गेलात तर तुम्हाला सभेत बोलताच येणार नाही. कंपनी कायद्याच्या कलम १०५ प्रमाणे प्रॉक्सीला बोलायचा हक्क नसतो, आणि मतही फक्त पोल, म्हणजे शेअरांच्या हिशेबाने मतदान, घेतला तरच देता येतं. मी एका सभेत पाहिलंय, एक बाई टाचण काढून उभ्या राहिल्या आणि चेअरमननी हसत हसत सांगितलं, "ताई, आपण प्रॉक्सी आहात, बसा." नियमाने त्यांचं बरोबर होतं. त्यामुळे एक तर मिस्टरांनी स्वतः जावं, नाहीतर त्यांनी दहा-वीस शेअर तुमच्या नावावर करावेत. नोंद नसलेल्या पब्लिक कंपनीचे शेअरही २ ऑक्टोबर २०१८पासून डिमॅट केल्याशिवाय हस्तांतरित होत नाहीत. सासऱ्यांच्या काळातली कागदी सर्टिफिकेटं अजून कपाटात असतील तर आधी ते काम हातात घ्या. त्यात वेळ जातो.

दरम्यान शंभर रुपये खर्च करा. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर कंपनीने निबंधकाकडे, म्हणजे कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, भरलेली कागदपत्रं कोणालाही बघता येतात, त्याची फी शंभर रुपये. त्यात एमजीटी-७ म्हणजे वार्षिक विवरण उघडा. अगदी सुरुवातीला 'मुख्य व्यवसाय' असा तक्ता असतो: धंद्याचं वर्णन, त्याचा कोड, आणि एकूण उलाढालीत त्याचा वाटा किती टक्के. माझा अंदाज आहे की तिथे तुमच्या कंपनीने स्वतःच्या हाताने तीन-चार धंदे भरलेत. सरकारकडे चार धंदे, भागधारकांकडे एक. ते पान छापून ठेवा, सभेत हत्यार म्हणून पुरेसं आहे. माहिती अधिकाराचा अर्ज टाकून वेळ घालवू नका. हे कागद ठरलेली फी भरून मिळतात, म्हणून त्यांच्यासाठी माहिती अधिकाराची वाट नाही असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये म्हटलं आहे.

मग पत्र. नोंदणीकृत पत्त्यावर, स्पीड पोस्टाने, मिस्टरांच्या सहीने, फोलिओ नंबर किंवा डीपी खाते क्रमांक घालून. एका पानाच्या पुढे जाऊ नका. मी असं लिहीन:

"महोदय, आगामी वार्षिक सर्वसाधारण सभेत पुढील खुलासा लेखापरीक्षकांच्या उपस्थितीत मिळावा ही विनंती. कंपनी स्वतःला लघु व मध्यम कंपनी मानते काय? मानत असल्यास तशी टीप अहवालाच्या कोणत्या पानावर आहे? मानत नसल्यास फाउंड्री, हॉटेल, दूध भुकटी व भूखंड विकास हे एएस-१७ च्या कोणत्या निकषावर एकच विभाग ठरतात? वार्षिक विवरणात हे व्यवसाय वेगवेगळे दाखवले असल्यास हिशेबात ते एक का? चालू वर्षापासून विभागवार माहिती दिली जाईल काय?"

बस, एवढंच. 'घोटाळा', 'अपहार', 'कलम ४४७' यातला एकही शब्द नको. कलम ४४७ फसवणुकीचं आहे, त्यात तुरुंगवास आहे. तुमच्याकडे आज त्याचा पुरावा नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या भागधारक ग्रुपवर तर काहीच लिहू नका, उलट अब्रुनुकसानीची नोटीस यायची.

'लेखापरीक्षकांच्या उपस्थितीत' हे शब्द मात्र काढू नका, पत्राचा सगळा जोर त्यात आहे. चेअरमनला सभेतल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्यायला कायदा भाग पाडत नाही. पण कंपनीने सूट दिली नसेल तर ऑडिटरने सभेला हजर राहायचं असतं, असं कलम १४६ सांगतं. आणि त्याच ऑडिटरने आपल्या अहवालात हिशेब लेखामानकांप्रमाणे आहेत असं मत सही करून दिलेलं असतं. संचालकांनीही बोर्डाच्या अहवालात, कलम १३४ प्रमाणे, लागू मानकं पाळली असं लिहून दिलेलं असतं. दादांना तुमची भीती वाटणार नाही, पण आपल्या सहीखालच्या वाक्यावर लेखी प्रश्न आला की सनदी लेखापाल रात्री पुन्हा फाइल उघडतो. मी हे जवळून पाहिलं आहे. सभा व्हायच्या आधीच बऱ्याचदा फोन येतो, "पुढच्या वर्षीपासून देतो."

सभेनंतर इतिवृत्ताची प्रत मागा. कलम ११९ प्रमाणे ती सात कामकाजाच्या दिवसांत मिळायला हवी. चेअरमनला गैरलागू वाटलेला मजकूर ते इतिवृत्तातून गाळू शकतात, म्हणून पोस्टाची पावती जपून ठेवा. तुम्ही विचारलं होतं याचा तोच पुरावा.

उत्तर आलंच नाही तर आकुर्डी. तुमच्या जिल्ह्यासाठी कंपनी निबंधकांचं कार्यालय पुण्यात आकुर्डीला आहे. तक्रार पोर्टलवरून करता येते. कलम २०६ प्रमाणे कोणाच्याही अर्जावरून कंपनी कायदा पाळत नाही असं निबंधकांना वाटलं, तर ते कंपनीकडून लेखी खुलासा आणि कागद मागवू शकतात. 'कोणाच्याही' हा शब्द महत्त्वाचा. इथे तुम्ही भागधारक असायलाच हवं असं नाही, म्हणजे मिस्टरांच्या सहीवाचून तुमचं काम अडत नाही. तक्रारीला अहवालाची ती ओळ, उलाढालीचे दोन आकडे, हॉटेलची ४१ कोटींची ओळ आणि एमजीटी-७ चं पान जोडा. चार कागद. निबंधकांच्या टेबलावर जाडजूड फायली खूप येतात, चार पानांची तक्रार वाचली जाते.

अपेक्षा मात्र बेताची ठेवा. हिशेब मानकांप्रमाणे नसतील तर कलम १२९ खाली जबाबदार संचालकांना एक वर्षापर्यंत कैद किंवा ५० हजार ते ५ लाख दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हा खटल्याचा विषय आहे. निबंधक तिथल्या तिथे पावती फाडू शकत नाहीत, आणि तडजोडीने मिटवायची वाटही कायद्यात आहे. २९१ कोटींच्या कंपनीला पाच लाख म्हणजे हॉटेलातल्या एका लग्नाचं बिल. आपल्या कायद्याची ही कमजोर बाजू आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे जाण्याचा विचार आज करू नका. चौकशीसाठी तिथे किमान शंभर सभासद किंवा एक दशांश मताधिकार लागतो, मुंबईच्या फेऱ्या आणि वकील वेगळे.

मोठ्या प्रकरणांत कायद्याचा हात लांब जातो, नाही असं नाही. मुंबईच्या आयएल अँड एफएसचं उदाहरण घ्या. रस्ते, वीज, वित्त अशा धंद्यांच्या तीनशेहून जास्त कंपन्या आणि सुमारे ९१ हजार कोटींचं कर्ज. २०१८ मध्ये हप्ते थकल्यावर सरकारने १ ऑक्टोबरला न्यायाधिकरणात जाऊन संचालक मंडळच बदलून घेतलं. मग कलम १३० खाली मूळ कंपनी आणि तिच्या दोन प्रमुख कंपन्यांचे मागच्या पाच वर्षांचे हिशेब पुन्हा उघडायचा हुकूम झाला, आणि जून २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला. छापलेले, मंजूर झालेले, ऑडिट झालेले हिशेब पुन्हा उघडले! पण तोवर पैसा गेलेला होता. तुमच्याकडे अजून तशी वेळ आलेली नाही, म्हणून आत्ता विचारणं स्वस्त आहे.

बोनसचं राहिलं. चुलत दिरांना सांगा, दादांचं तिथलं कारण फार तकलादू आहे. १९६५च्या बोनस कायद्याचं तत्त्व असं, आणि पुढे वेतन संहितेतही ते आलं आहे, की एका मालकाचे वेगवेगळे विभाग बोनससाठी एकच आस्थापना धरायचे. अपवाद एवढाच, की एखाद्या विभागाचा ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक वेगळं ठेवलेलं असेल तर तो विभाग वेगळा धरता येतो, आणि त्यालाही अट आहे: आधीपासून तो बोनससाठी एकत्र धरला जात नसावा. आता दादांची पंचाईत बघा. फाउंड्रीचा वेगळा हिशेब नसेल, तर 'फाउंड्री तोट्यात' हे त्यांना कळलं कसं? आणि असेल, तर तो भागधारकांना का दाखवत नाहीत? हा प्रश्न युनियनने कामगार आयुक्तांपुढे विचारावा, तुमच्या पत्रात तो मिसळू नका. तुम्ही भागधारकाच्या घरातून बोलताय, दीर कामगार म्हणून. दोन्ही एकत्र केलं की दादा त्याला भाऊबंदकी ठरवून मोकळे होतील.

आणि संबंधांचं. पत्र पोस्टात टाकायच्या आदल्या दिवशी दादांना फोन करा, मिस्टरांनी नाही, तुम्हीच. "दादा, उद्या एक पत्र येईल, आमचं तुमच्यावर काही नाही, मामंजींच्या शेअरचा हिशेब पोरांना समजावून सांगायचाय." ते पुन्हा विश्वास ठेवा म्हणतील. म्हणू द्या. पत्र टाका. मार्चअखेरच्या हिशेबाची सभा बहुधा सप्टेंबरअखेरपर्यंत होते, नोटीस २१ दिवस आधी येते. ती हातात पडली की त्याच आठवड्यात.